ओझ्याचा चारा

मलकापूर, खामगाव किंवा चिखली येथील बाजारात दोन पिकअपचालक एकत्र आले म्हणजे कुशलप्रश्नानंतर जो पहिला प्रश्न निघतो, तो "गाडी अ‍ॅव्हरेज काय देते?" हा होय. एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, एवढाच वास्तविक त्याचा अर्थ. परंतु त्यातील 'देते' हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. दुभत्या जनावराविषयी विचारावे तसे हे विचारले जाते. शंभर वर्षांपूर्वी याच गावांच्या बाजारात तोच प्रश्न उलट बाजूने निघत असे: जोडी खाते काय? देणे आणि खाणे या एकाच हिशेबाच्या दोन बाजू असून, तो हिशेब या जिल्ह्यात गेली दोनशे वर्षे कसकसा मांडला गेला हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरकरणी क्षुद्र वाटेल. तथापि शेतकऱ्याच्या मालाला बाजारात मिळणारी किंमत आणि त्याच्या घरी पोचणारी रक्कम, या दोहोंमधील अंतर मोजावयास बसले की बरीच वाट चालून शेवटी या क्षुद्र प्रश्नाशीच येऊन थांबावे लागते.

बुलढाणा जिल्हा जणू दुमजली आहे. उत्तरेस पूर्णेचे सखल, काळ्या मातीचे खोरे. जुन्या कागदांत त्यास पयानघाट म्हटलेले आढळते. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार, तो बालाघाट. लोक अजूनही 'घाटाखालचे तालुके' आणि 'घाटावरचे तालुके' अशीच भाषा बोलतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर, तर बुलढाणा ६०० मीटरांहून वर. दोहोंमधील रस्ता ४५ किलोमीटरांच्या आतबाहेर असून उंचीचा मोठा हिस्सा राजूर घाटाच्या थोड्याशा वळणांत एकवटला आहे. लोहमार्ग खाली आणि जिल्ह्याचे ठाणे वर, अशी ही रचना. त्यामुळे जे वाहन सपाटीवर शहाणे ठरले ते येथेही शहाणेच ठरेल असा भरवसा या जिल्ह्यातील माणसाने कधी बाळगला नाही.

प्रथम बंजाऱ्यांच्या तांड्याकडे वळू. रस्ता नावाची वस्तू जेव्हा बहुधा पाऊलवाटेपलीकडे गेलेली नव्हती, तेव्हा वऱ्हाडचे धान्य व कापूस बाहेर नेणे आणि बाहेरचे मीठ आत आणणे हे काम मुख्यतः पाठाळ बैलांकडे असे. एका बैलाच्या पाठीवर दोन बाजूंस दोन गोण्या. ओझे पक्के अडीच-तीन मण, म्हणजे आजच्या मापाने क्विंटलभर. तांड्यात शेकडो, प्रसंगी हजारो बैल. दिवसाची मजल आठ-दहा मैलांची. लोहमार्ग येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस याच रीतीने सुमारे ५०० मैलांवरील मिर्झापुरास जाई आणि तेथून गंगेतून होड्यांनी कलकत्त्याकडे निघे. नुसते गणित केले तरी ही वाट पन्नास दिवसांची होते. मुक्काम, आजारपण, नद्यांचे उतार जमेस धरले म्हणजे ती कितीतरी लांबे. सरकी काढलेला पण न दाबलेला कापूस हा हलका आणि फुगीर. वाटेत धूळ खाई, एखादी अवकाळी सर आली तर भिजे.

असे असून ही वाहतूक शेकडो वर्षे टिकली, याचे कारण तिचे इंधन वाटेवरच उगवत असे हे होय. तांडा दिवसाचा काही भाग चाले आणि उरलेला भाग बैल चरत. चाऱ्याचे ओझे कोणी बरोबर बाळगत नसे, त्याचे मोलही बहुधा कोणास द्यावे लागत नसे. बैलांच्या चालीचा वेग या चरण्यानेच ठरे. लष्करांनाही धान्य पुरविणारे हेच तांडे; १८०३ साली शेजारच्या असई येथे आणि पुढे अडगावास इंग्रज व मराठे यांच्या ज्या लढाया झाल्या, त्यांच्या मागेपुढे हे बैल होतेच. सेनापती वेलस्लीच्या त्या काळच्या पत्रव्यवहारात शत्रूइतकीच बैलांची चिंता दिसते.

या फुकटच्या इंधनात एक भयंकर खोट होती, आणि ती नेमकी वाईट वर्षी उघडी पडे. पाऊस गेला की धान्य जाई आणि धान्याबरोबर गवतही जाई. ज्या प्रदेशास दाण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच प्रदेशात दाणा घेऊन जाणाऱ्या बैलास तोंड घालावयास काडी नसे. एका परगण्यात कोठारे भरलेली आणि साठ कोसांवर माणसे उपाशी, हा देखावा आपण सहज राज्यकर्त्यांच्या निर्दयतेच्या खात्यात टाकतो. निर्दयता होती, पण वाहनाचे पोट हे दुसरे कारण आम्हांस तितकेच मोठे वाटते.

जर्मन शेतीतज्ज्ञ फॉन थ्यूनेन याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट गणिताने मांडली. धान्याची गाडी ओढणारे घोडे त्या गाडीतलेच धान्य खात गेले, तर काही अंतरानंतर विकावयास काहीच उरणार नाही. त्या अंतरापलीकडे बाजारासाठी धान्य पेरण्यात अर्थ नाही. हाच हिशेब आपल्या वऱ्हाडी बंडीला लावून पाहता येईल. कामाच्या बैलास दिवसास १२ किलो कडबा धरला तर जोडीस २४ किलो लागेल. जोडी दिवसास २५ किलोमीटर चालते असे मानले आणि बंडीत १० क्विंटल कडबा भरला, तर २० दिवस जाण्याचे व २० दिवस येण्याचे मिळून ९६० किलो कडबा जोडीनेच फस्त केला. म्हणजे ५०० किलोमीटरांवर कडबा विकण्यास नेणाऱ्याच्या हाती बाजारात पोचल्यावर परतीची वैरण तेवढी राहील, विकावयास एक-दोन पेंढ्या. हा हिशेब चांगल्या सडकेचा झाला. काळ्या मातीच्या गाडवाटेवर बंडीत निम्मे ओझे घातले की अंतरही निम्मे.

येथे वाहणे आणि ओढणे यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे, कारण पुढे तो पुन्हा उपयोगी पडावयाचा आहे. जो बैल पाठीवर क्विंटलभर वाहतो तोच बैल जोडीने जुंपला असता चार-पाच क्विंटल ओढतो. चाक ओझ्याचे वजन जमिनीवर सोपवते. बैलाच्या वाट्यास फक्त घर्षण येते. परंतु हा फायदा सपाटीपुरता. चढणीवर वजन पुन्हा बैलाकडे मागणी करू लागते, आणि ही मागणी चाक कितीही गोल असले, आखाला कितीही वंगण घातले, तरी रतिभरही कमी होत नाही. म्हणून घाटाच्या पायथ्याशी गाडीवान थांबत, एकमेकांची वाट पाहत, आणि एकाची जोडी सोडून दुसऱ्याच्या बंडीपुढे जुंपत. एक बंडी माथ्यावर पोचविली की जोड्या परत खाली. मुंबईहून येणारी आगगाडी कसाऱ्यापुढे थळ घाट चढताना हेच करते. १८६५ साली खुल्या झालेल्या त्या घाटाची चढण ३७ फुटांस एक फूट अशी आहे, आणि तेथे गाडीस मागून जादा इंजिने लावावी लागतात.

लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोचला. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसावर साऱ्यांचे डोळे लागले होते. खामगावचा कापूसबाजार मोठा, पण मुख्य मार्ग त्यास काही मैलांनी चुकवून गेला. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरांचा एक फाटा टाकण्यात आला, आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडण्यास स्वतः आले. तेरा किलोमीटरांसाठी व्हाइसरॉयने यावे, हे थोडे चमत्कारिक दिसते. पण घर्षणाचे आकडे पाहिले की त्या तुकड्याचे मोल कळते. एक टन ओझे सपाटीवर हलते ठेवण्यास कच्च्या वाटेवरील लोखंडी धावेच्या चाकास ५० किलो किंवा त्याहूनही अधिक जोराची ओढ लागते. डांबरी रस्त्यावरील रबरी चाकास १० ते १५ किलोची. आणि रुळावरील पोलादी चाकास अवघी दोन-चार किलोची. खामगावच्या पेठेतून कापूस रुळावर चढला की त्याचे पुढचे ३०० मैल शेवटच्या दहा मैलांइतके महाग राहिले नाहीत.

आगगाडीने बैल हटविला, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. लांब पल्ल्यावरून तिने तांडा हटविला हे खरेच, आणि त्यात बंजारा समाजाचा धंदा बुडाला तो कायमचा. पण स्थानकापर्यंत माल आणण्याचे काम आगगाडीने वाढविले, आणि ते सगळे बंडीकडे आले. ज्या गावाने पूर्वी स्वतःपुरता कापूस पेरला तेथून आता हंगामात बंड्यांच्या रांगा निघू लागल्या. इंधन मात्र बदलले. वाटेवरच्या गवताऐवजी ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात, ज्वारीच्या कडब्याच्या रूपाने पिकू लागले. ज्वारी माणसाला आणि कडबा बैलाला, अशी ही वाटणी. त्यामुळे कडब्याची किंमत कोणाच्या वहीत पडत नसे. जुने लोक "बैलाची वाहतूक फुकटात होत असे" म्हणतात ते याच अर्थाने. वस्तुतः बैल वर्षाचे ३६५ दिवस खातो आणि वर्षातील बहुतेक दिवस ओझे ओढत नाही. उभ्या गाडीला डिझेल लागत नाही. उभ्या बैलाला वैरण लागतेच. शेणखताची जमा त्याच्या नावे लिहिली तरी ही बाजू विसरून चालणार नाही.

मोटार या जिल्ह्यात आली ती रेल्वेची स्थानके आणि घाटावरची गावे जोडण्यासाठी. तिच्या आरंभीच्या काळाविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धातील (१९३९-४५) एक प्रकरण मात्र सांगितलेच पाहिजे, कारण इंधनाचा खरा स्वभाव त्यात उघडा पडला. पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा देशभर मोटारींच्या पाठीशी पिंपासारखी भट्टी बसविण्यात आली. तीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळावयाचा. त्यातून निघणारा विषारी, पण ज्वलनशील वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडावयाचा. एक लिटर पेट्रोलचे काम करण्यास साधारण सव्वा ते दीड किलो कोळसा लागे, म्हणजे सपाटीवर हिशेब वाईट नव्हता. परंतु या वायूवर इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी जवळजवळ निम्म्याने उतरे. सपाटीवर जी उणीव केवळ मंद वेगाच्या रूपाने दिसे, ती चढावर गाडी थांबण्याच्या रूपाने दिसे. उतारूंनी खाली उतरून घाट पायी चढावयाचा आणि माथ्यावर पुन्हा गाडीत बसावयाचे, ही त्या पिढीच्या आठवणींतील सर्वपरिचित गोष्ट. गाडीवानाच्या जादा जोडीची जागा तेथे उतारूंच्या पायांनी घेतली. इंधन स्वस्त आहे की महाग, हा प्रश्न सपाटीचा. पुरेसे आहे की नाही, हा घाटाचा.

स्वातंत्र्यानंतर जीप आली. १९४७ नंतर महिंद्र कंपनीने विलीज जीप येथे जुळविण्यास आरंभ केला, आणि पुढे तिच्याच कुळातील पाठीवर हौदा बांधलेल्या गाड्या खेडोपाडी दिसू लागल्या. २००५ मध्ये टाटांची एस ही चिमुकली मालगाडी निघाली. लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. दीड टनाच्या आतबाहेर ओझे घेणाऱ्या पिकअप गाड्यांनी बंडीची जागा जवळजवळ पूर्णपणे घेतली. ओढण्याचा काळ मागे पडून पाठीवर वाहण्याचा काळ परत आला. रचनेच्या दृष्टीने पाहता पिकअप ही बंडीची वंशज नव्हे. ती तांड्यातील पाठाळ बैलाची वंशज आहे.

या गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजचा जो आकडा विक्रेता सांगतो तो कसा निघतो, हे पाहणे मनोरंजक आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. गाडी रस्त्यावर न नेता फिरत्या रुळांवर उभी करतात. ठरीव वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. आणि धुरातून बाहेर पडणाऱ्या कार्बनावरून किती इंधन जळले ते काढतात. यात लबाडी कसलीही नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यास याहून न्याय्य रीत सापडणे कठीण, कारण वारा, चालक, रस्ता सारे समान राहते. पण गाडी जवळजवळ रिकामी मानलेली असते, आणि वेळापत्रकात घाट नसतो. आमच्याकडे शंकरपट पाहिलेल्या माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही. हलकी गाडी, निवडक जोडी, आखलेला सरळ पट्टा, आणि क्षणांत मोजलेली वेळ. पटात पहिली आलेली जोडी उत्तमच. पण तीच जोडी खताची बंडी घेऊन राजूरचा घाट चढेल, अशा समजुतीने कोणी शेतकरी तिची किंमत करीत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण पटातला आकडा ऐकतो आणि घाटातले काम सांगतो.

घाट डिझेल किती खातो? हे गणित साधे आहे. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातील बहुतेक उष्णतेच्या रूपाने उडून जाते. चाकापर्यंत तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, समजा १० मेगाज्यूल पोचते. गाडी, माल व माणसे मिळून ३,००० किलो वजन ३५० मीटर वर उचलण्यास अगदी तितकीच, म्हणजे १० मेगाज्यूलहून किंचित अधिक ऊर्जा लागते. तात्पर्य, मलकापूरहून बुलढाण्यास भरलेली पिकअप नेताना केवळ उंची गाठण्यापायी एक लिटर डिझेल जळते. रस्ता कापण्याचे वेगळे. भरलेली गाडी सपाटीवर लिटरमागे १२ किलोमीटर जाते असे धरल्यास ४५ किलोमीटरांस पावणेचार लिटर, त्यात घाटाचे एक. म्हणजे अ‍ॅव्हरेज साडेनऊवर आले. हे चालकाचे पाप नव्हे की गाडीचा दोष नव्हे.

उतरताना हे लिटर परत मिळेल काय? थोडेच. रिकामी गाडी हलकी, म्हणून तिच्यात साठलेली उंचीची ऊर्जा निम्मी. आणि उतार काही वळणांत एकवटलेला असल्याने तीही बरीचशी ब्रेकमध्ये तापून जाते. यात घाटावरच्या शेतकऱ्याच्या वाट्यास एक लहानसे सुदैव आले आहे: त्याचे सोयाबीन किंवा कापूस खाली उतरतो आणि वर चढते ती रिकामी गाडी. सिमेंट, लोखंड, खत यांचे उलट. खुद्द डिझेल वर नेणारा टँकरदेखील भरलेला चढतो आणि रिकामा उतरतो.

उताराचा विषय निघाला आहे तर एका घातक समजुतीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. डिझेल वाचावे म्हणून पुष्कळ चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हल्लीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला तर इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो, चाकेच इंजिनास फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे का होईना, डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत नाहीच. शिवाय गाडी आवरण्याचा सगळा भार ब्रेकवर पडतो; ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमके शेवटच्या वळणावर दगा देतात. जुना गाडीवान घाट उतरताना बैलांना मोकळे सोडीत नसे, ते काही त्याला वैरण महाग होती म्हणून नव्हे.

आता ज्या अ‍ॅव्हरेजची एवढी चर्चा, ते माप मुळात योग्य आहे काय, हे पाहू. समजा, रिकामी पिकअप लिटरमागे १५ आणि १५ क्विंटल भरलेली १२ किलोमीटर जाते. १०० किलोमीटर भरून जाणे व रिकामे येणे यांस मिळून बरोबर १५ लिटर लागतात. म्हणजे क्विंटलमागे एक लिटर. परतीचे ओझे मिळाले तर एकूण खर्च पावणेसतरा लिटरांच्या आत, पण माल ३० क्विंटल; क्विंटलमागे साधारण ५६ शतांश लिटर. आणि गाडी निम्मीच भरून नेली तर भरल्या खेपेचे अ‍ॅव्हरेज साडेतेरावर चढते, चालक खूश होतो, आणि क्विंटलमागे खर्च १ लिटर ८८ शतांशांवर जातो! अ‍ॅव्हरेज जितके चांगले तितका शेतकरी बुडाला, असा हा विचित्र प्रकार. भाडे बहुधा खेपेचे ठरते आणि त्यात रिकाम्या परतीचे डिझेल गृहीत असते. ते देणाऱ्यास मात्र आपण कोणाचे रिकामेपण विकत घेत आहोत हे सहसा दिसत नाही. बंजारा हे पक्के ओळखून होता. धान्य घेऊन गेलेला बैल मीठ घेतल्याशिवाय तो परत आणीत नसे.

याच गणितातून गाडी क्षमतेबाहेर भरण्याचा मोह उगवतो. १५ च्या जागी २५ क्विंटल घातले आणि अ‍ॅव्हरेज ९ वर आले, तरी क्विंटलमागे डिझेल ७१ शतांश लिटरच पडते. कागदावर फायदा दिसतो. टायर, पाटे, क्लच आणि ब्रेक यांचे आयुष्य त्या कागदावर लिहिलेले नसते, आणि घाटातील उतार तर नसतोच.

ओढण्याच्या कामात आपल्याकडे पिकअपहून ट्रॅक्टरचे महत्त्व अधिक. मळणी यंत्र, पाण्याची टाकी, कापसाची ट्रॉली ही सारी त्याच्या मागे लागतात. उन्हाळ्यात घाटावरच्या तहानलेल्या वस्त्यांना पाणी पोचविण्याचे कामही त्याच्याकडे येते. बंडीचा खरा वारस हा ट्रॅक्टर. तो मंद चालतो, म्हणून वाऱ्याचा विरोध त्यास जवळजवळ नाही; गाडीच्या वजनाच्या मानाने पुष्कळ माल नेतो, म्हणून सपाटीवर त्याचा हिशेब वाईट पडत नाही. परंतु बैल चढावर थकला तर थांबे. ट्रॅक्टरमागची जड ट्रॉली चढावर पुढची चाके उचलू पाहते, आणि उतरताना त्यालाच मागून ढकलते. अमेरिकेत पिकअपमागे जडशीळ गाडा जोडून शेकडो मैल जाण्याची रीत आहे. तेथील सरकारी अ‍ॅव्हरेजचा आकडाही मागे काही न जोडताच काढलेला असतो, आणि मोठा उंच गाडा लावला म्हणजे तो निम्म्याच्या आसपास उतरतो, असा तेथील लोकांचा सर्वसाधारण अनुभव. पण किती ओढता येईल हे ठरविण्यासाठी तेथील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली जो नियम केला, त्यात ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळची सुमारे १८ किलोमीटरांची चढण प्रमाण मानली आहे. गाडीने ओझ्यासह ती ठराविक वेगाच्या खाली न येता चढली पाहिजे. आमच्या गाडीवानांनी राजूरचा घाट याच कामासाठी कितीतरी आधी नेमला होता; फक्त त्याचा नियम कोणी छापला नाही.

वाऱ्याचा वर उल्लेख आला. हा शत्रू बंडीला माहीत नव्हता. तो वेगाबरोबर जन्मला. ताशी ६० किलोमीटरांवरून ८० वर गेले की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो मेहकर व सिंदखेडराजा यांच्या बाजूने जातो. चढणी सौम्य, अडथळा नाही, म्हणून येथे डिझेल वाचावे. पण रिकाम्या रस्त्यावर पाय दाबला जातो आणि वाचलेले वाऱ्यावर जाते. कुटार भरलेली पिकअप ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे लगेच पटेल. वजन पाच-सात क्विंटलांहून जास्त नसते, पण ताडपत्री बांधलेला तो डोंगर टपाच्या वर पुरुषभर उंच आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशी गाडी घाटात लवचिक आणि सपाटीवर खादाड. जुने इंधन नव्या इंधनाच्या पाठीवर बसून चालले आहे, आणि तेही महाग पडते आहे! सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून कडबा कमी झाला, म्हणून कुटार अशा दूरवरून आणण्याची पाळी येते. आणि कडबा कमी म्हणून बैल कमी, बैल कमी म्हणून पिकअप अधिक. गाडीचे इंधन मात्र वावरात पिकत नाही. देशात लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या पाच भागांपैकी चारांहून अधिक भाग परदेशांतून येतो.

स्वतःच्या गाडीचा खरा आकडा काढण्याची रीत चालकांना ठाऊक आहे: टाकी काठोकाठ भरावी, पाचशे किलोमीटर जावे, त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरावी आणि भागावे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की वहीत तीन रकाने अधिक असावेत. माल किती, चढण की उतार, परत येताना भरलेली की रिकामी. असे वर्षभराचे टिपण दहा-वीस चालकांनी ठेवले, तर घाटावरच्या व घाटाखालच्या भाड्यातील फरकाविषयी जो वाद दर हंगामात होतो, त्यास काहीतरी आधार मिळेल.

खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे. तो झाल्यास चिखलीसारख्या घाटावरच्या गावांस रूळ मिळेल, आणि टनामागे दहा-पंधरा किलोची ओढ दोन-चार किलोंवर येईल, हा लाभ उघड आहे. परंतु खामगावहून निघालेल्या त्या गाडीलाही पठारावर चढावेच लागेल; एक टन माल तेवढ्या उंचीवर नेण्यास बैलाला, पिकअपला आणि आगगाडीला लागणारे काम सारखेच. त्या मार्गाच्या नकाशात चिखलीपर्यंतची चढण किती फुटांस एक फूट धरली जाते, हे आम्ही प्रथम पाहू.